दूरध्वनीचा उपद्रव आणि कायदा

परक्याच्या घरीं जावयाचें तर दाराशीं थांबून हांक मारावी, आंतील माणसानें 'कोण आहे?' म्हणून विचारावें, आणि नांव-गांव सांगितल्यावर मग उंबरठा ओलांडावा, ही आपल्याकडील जुनी रीत आहे. वाड्याच्या देवडीवर पहारेकरी बसे, चाळींत शेजारीपाजारीच पहारा करीत. पण ओळख पटल्यावांचून आगंतुकाला आंत घ्यावयाचें नाहीं, हा दंडक दोहोंकडे एकच होता. टेलिफोननें हा दंडक मोडला. कोणीहि मनुष्य, नांव न सांगतां, तोंड न दाखवितां, एका क्षणांत परक्याच्या माजघरापर्यंत येऊन पोंचूं लागला. घंटा वाजली कीं हातचें काम टाकून उठावयाचें. कोण आहे तें उठल्यावर कळावयाचें, आणि पुष्कळ वेळां उठल्यावरहि कळावयाचें नाहीं. या एका उणिवेंतून जो उपद्रव जन्मास आला, त्याला आवर घालण्याच्या प्रयत्नांचा इतिहास जवळजवळ टेलिफोनइतकाच जुना आहे.

अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल यांस टेलिफोनचें पेटंट इ. स. १८७६ च्या मार्च महिन्यांत मिळालें. अगदीं आरंभीं उपद्रव देणारा मनुष्य बाहेरचा नसे; तो खुद्द एक्स्चेंजमध्येंच बसलेला असे. अमेरिकेंतील कंपन्यांनीं तारा जोडण्याच्या कामावर प्रथम पोरसवदा मुलगे नेमले. हे मुलगे ग्राहकांशीं उर्मटपणें बोलत आणि थट्टामस्करी करीत. अखेरीस १८७८ च्या सप्टेंबर महिन्यांत बोस्टन येथें एमा नट या बाईंची नेमणूक झाली. हें काम करणारी ती पहिली स्त्री होय. तिचा शांत व सभ्य आवाज ग्राहकांस फार पसंत पडला, आणि पुढें थोड्याच वर्षांत हें काम बहुतांशीं स्त्रियांच्या हातीं गेलें.

हिंदुस्थानांत कलकत्ता, मुंबई व मद्रास या शहरांत इ. स. १८८२ मध्यें टेलिफोन एक्स्चेंजें सुरू झालीं. ग्राहकानें एक्स्चेंजला हांक द्यावी, तेथील मध्यस्थानें 'कोणता नंबर?' म्हणून विचारावें, आणि हातानें दोन तारांची गांठ घालून द्यावी, असा त्या वेळचा क्रम होता. या पद्धतींत गुप्तता फारशी नव्हती. दोघांचें बोलणें तिसऱ्याच्या कानांवर पडण्याचा संभव असे. पण तिच्यांत एक मोठा गुण होता. कोणत्या घरून कोणत्या घराला घंटा गेली हें जाणणारा एक साक्षीदार प्रत्येक वेळीं मध्यें हजर असे. रात्रीं-अपरात्रीं कोणी खोडसाळपणें एखाद्या कुटुंबाला सतावूं लागला, तर त्याचा माग लागणें कठीण नव्हतें.

हा साक्षीदार नाहींसा करणारा शोध अमेरिकेंतच लागला. कॅन्सस सिटी येथें आल्मन स्ट्रोजर नांवाचा एक गृहस्थ अंत्यविधीची व्यवस्था लावण्याचा धंदा करी. आख्यायिका अशी आहे कीं, त्याच्या प्रतिस्पर्ध्याची बायको गांवच्या एक्स्चेंजमध्यें कामाला होती, आणि स्ट्रोजरकडे येणारीं गिऱ्हाइकें ती परस्पर आपल्या नवऱ्याकडे वळवीत असे. आख्यायिका खरी असो वा नसो, स्ट्रोजरनें मध्यस्थावांचून आपोआप तारा जोडणारें यंत्र बनविलें. त्याला १८९१ मध्यें पेटंट मिळालें, आणि पुढील वर्षीं इंडियाना प्रांतांतील ला पोर्ट येथें असें पहिलें एक्स्चेंज उघडलें. हिंदुस्थानांत तें १९१३-१४ मध्यें सिमल्यास आलें. लंडनच्या होबर्न विभागांत १९२७ मध्यें त्याचा प्रवेश झाला. पुढें १९६० मध्यें कानपूर व लखनौ यांच्या दरम्यान ग्राहकानें स्वतःच परगांवचा नंबर फिरविण्याची सोय झाली, तेव्हां आपल्या देशांत लांब पल्ल्याच्या बोलण्यांतूनहि मध्यस्थ हटूं लागला. लोकांची मोठी सोय झाली, यांत शंका नाहीं. पण मध्यस्थाबरोबर साक्षीदारहि गेला. तबकडी फिरविणाऱ्या हाताला आतां कोणी पहात नव्हतें.

याचा परिणाम दिसूं लागतांच कायदा जागा झाला. इंग्लंडमध्यें १९३५ च्या पोस्ट ऑफिस दुरुस्ती कायद्यानें तीन गोष्टी गुन्हा ठरविल्या : टेलिफोनवरून अत्यंत अश्लाघ्य, अश्लील अथवा धाकदपटशाचें बोलणें, दुसऱ्यास त्रास व्हावा म्हणून जाणूनबुजून खोटा निरोप देणें, आणि योग्य कारणावांचून एखाद्यास वारंवार टेलिफोन करीत राहणें. यांतील तिसरी गोष्ट विशेष ध्यानांत घेण्याजोगी आहे. तोंडून एक वावगा शब्द न काढतां, केवळ घंटा वाजवीत राहूनहि माणसाचा छळ करतां येतो, हें तिनें मान्य केलें.

आपल्या देशांत १८६० ची दंडसंहिता टेलिफोनच्याहि आधींची. निनांवी निरोप पाठवून धाक घालणाऱ्यास मूळ शिक्षेखेरीज आणखी दोन वर्षांपर्यंत कैद तिनें सांगितली होती. निनांवी पत्रासाठीं केलेलें हें कलम पुढें टेलिफोनलाहि लागूं पडलें. १९५१ च्या तारनियमांनीं टेलिफोनच्या वापराची जबाबदारी ज्याच्या नांवावर तो आहे त्या ग्राहकावरच टाकली, आणि कोणाला त्रास देण्यासाठीं अगर अश्लील बोलण्यासाठीं त्याचा उपयोग करूं नये असें बजावलें. स्त्रियांना या उपद्रवाचा जाच सर्वांत अधिक होई. एखादी स्त्री स्पष्टपणें नको म्हणत असतां तिच्याशीं पुनःपुन्हां संपर्क साधूं पाहणें हा स्वतंत्र गुन्हा मात्र २०१३ मध्यें ठरला. १ जुलै २०२४ पासून दंडसंहितेच्या जागीं भारतीय न्याय संहिता आली, आणि हीं दोन्ही कलमें तिच्यांत कायम राहिलीं.

कायदा झाला तरी अपराधी सांपडावा कसा, ही अडचण होतीच. यांत्रिक एक्स्चेंजमध्यें माग काढावयाचा तर बोलणें चालूं असतांनाच तंत्रज्ञानें एका यंत्रापासून दुसऱ्या यंत्रापर्यंत जोडणी शोधीत मागें जावयाचें. तेवढा वेळ छळ सोसणाऱ्यानेंच छळणाऱ्याला बोलण्यांत गुंतवून ठेवावयाचें! इलेक्ट्रॉनिक एक्स्चेंजें आल्यावर येणाऱ्या टेलिफोनचा नंबर आपोआप नोंदला जाऊं लागला, पुढें तो घेणाऱ्याच्या डोळ्यांपुढेंहि दिसूं लागला, आणि एकट्यादुकट्या खोडसाळाचें धाडस पुष्कळ कमी झालें.

परंतु तोंवर दुसराच एक आगंतुक दारांत येऊन उभा राहिला होता. त्याला कोणाला छळावयाचें नव्हतें. त्याला आपला माल विकावयाचा होता. अमेरिकेंत विक्रेत्यांनीं आपोआप नंबर फिरविणारीं व ध्वनिमुद्रित भाषण ऐकविणारीं यंत्रें वापरण्यास आरंभ केला. त्यावर १९९१ मध्यें तेथें कायदा झाला, आणि त्यांतील कित्येक उल्लंघनांबद्दल ग्राहकास स्वतः न्यायालयांत जाऊन दर खेपेस ५०० डॉलर मागण्याचा अधिकार मिळाला. २००३ मध्यें सबंध राष्ट्रासाठीं एक नोंदवही उघडण्यांत आली. तींत आपला नंबर नोंदविणाऱ्यास विक्रेत्यांनीं टेलिफोन करावयाचा नाहीं, असा नियम झाला.

भारतांत ३१ जुलै १९९५ रोजीं पश्चिम बंगालचे मुख्यमंत्री ज्योति बसू यांनीं कलकत्त्याहून दिल्लीस केंद्रीय मंत्री सुखराम यांच्याशीं मोबाइल फोनवरून संभाषण केलें, आणि येथील मोबाइलचें युग सुरू झालें. आरंभींचीं कित्येक वर्षें आलेल्या फोनचेहि पैसे घेणाऱ्यालाच भरावे लागत. म्हणजे नको असलेला विक्रेता ऐकून घ्यावयाचा, आणि वर त्याचें मोलहि आपणच द्यावयाचें. २००३ मध्यें करणाऱ्यानेंच पैसे द्यावे अशी पद्धत आली. ग्राहकाच्या खिशाचा भार हलका झाला. पण पुढें दर इतके उतरले कीं, विक्रेत्याला हजार माणसांची झोंप मोडून एक गिऱ्हाइक मिळालें तरी तो धंदा परवडूं लागला. उधळला जाई तो इतरांचा वेळ, आणि त्याची किंमत कोणाच्याच वहींत चढत नसे.

दूरसंचार नियामक प्राधिकरणानें २००७ मध्यें याविषयींचे पहिले नियम केले आणि अमेरिकेच्या धर्तीवर नोंदवही उघडली. तिचा मूळ दोष असा होता कीं, ज्याला शांतता हवी त्यानें आधीं अर्ज करावयाचा. न करील त्याचें दार उघडेंच समजावयाचें. २७ सप्टेंबर २०११ पासून अधिक कडक नियम अमलांत आले. १९०९ या क्रमांकावर ग्राहकास सर्वच जाहिराती बंद करतां येऊं लागल्या, अगर सात विषयांतून हवे तेवढे निवडतां येऊं लागले. रात्रीं नऊपासून सकाळीं नऊपर्यंत जाहिरातीस मनाई झाली, आणि नोंदलेल्या विक्रेत्यांना १४० नें सुरू होणारे क्रमांक मिळाले, जेणेंकरून आगंतुक दुरूनच ओळखूं यावा.

त्याच वेळीं प्राधिकरणानें एका क्रमांकावरून दिवसाला शंभरच लघुसंदेश पाठविण्याची मर्यादा घातली व लवकरच ती दोनशेंवर नेली. विक्रेत्याला आवरण्यासाठीं घातलेला हा बांध सामान्य माणसाच्याहि आड आला. जुलै २०१२ मध्यें दिल्ली उच्च न्यायालयानें, जाहिरातीशीं संबंध नसलेल्या संदेशांवर अशी मर्यादा घालणें हा भाषणस्वातंत्र्याचा संकोच होय, असें ठरवून ती रद्द केली. दार बंद करतांना घरच्या माणसांचीच वाट अडूं नये, हा या निकालाचा बोध आहे.

नोंदलेला विक्रेता नियमांत आला, तसा चुकार विक्रेता साध्या खाजगी क्रमांकांवरून बोलूं लागला. म्हणून १९ जुलै २०१८ च्या नियमांनीं मुळालाच हात घातला. संदेश पाठविणारी संस्था कोणती, तिचा मजकूर कोणता, आणि ग्राहकानें संमति दिली आहे काय, या सर्वांची नोंद एका सामाईक वहींत ठेवण्याची आज्ञा झाली. ही वही कागदाची नव्हे. ती निरनिराळ्या कंपन्यांच्या संगणकांवर एकसारखी राहते, आणि एकट्यादुकट्याला तींत परस्पर खाडाखोड करतां येत नाहीं. १२ फेब्रुवारी २०२५ रोजीं या नियमांत आणखी सुधारणा झाली. न नोंदलेल्या विक्रेत्याविरुद्ध तक्रार करण्याची मुदत तीन दिवसांवरून सात दिवस झाली, आणि कारवाईची तीस दिवसांवरून पांच दिवसांवर आली. दहा दिवसांत पांच तक्रारी आल्या तरी कारवाईस पुरे, असें ठरलें. सर्वांत महत्त्वाची गोष्ट ही कीं, अशा विक्रेत्याविरुद्ध तक्रार करण्यापूर्वीं ग्राहकानें नोंदवहींत नांव घातलेलें असण्याची अट काढून टाकण्यांत आली. शांतता ही अर्ज करून मागावयाची सवलत नसून ती मुळांतच घरधन्याची आहे, हें तत्त्व मान्य होण्यास २००७ पासून जवळजवळ अठरा वर्षें लागलीं.

इतके नियम होऊनहि उपद्रव मिटलेला नाहीं. विक्रेत्याच्या पाठोपाठ त्याच दारानें भामटा शिरला आहे. बँकेचा अधिकारी, पोलीस अंमलदार अशीं सोंगें घेऊन तो बोलतो, आणि भाबड्या वृद्धाची जन्माची पुंजी घटकेंत लुबाडतो. अशा फसवणुकीची वर्दी देण्यासाठीं १९३० हा क्रमांक ठेवण्यांत आला आहे. बँकांनीं आपल्या खातेदारांशीं व्यवहाराविषयीं बोलतांना १६०० नें सुरू होणारेच क्रमांक वापरावे, असें रिझर्व्ह बँकेनें जानेवारी २०२५ मध्यें बजावलें, तें याच हेतूनें.

याहून खोल अशी एक हानि आहे, आणि तिची भरपाई दंडानें होत नाहीं. लांडगा आला म्हणून रोज उगाच ओरडणाऱ्या पोराची गोष्ट लहानपणीं सर्वांनीं ऐकलेली असते. खोट्या हांकांना कंटाळून गांवानें कान झांकले, आणि खरा लांडगा आला त्या दिवशीं कोणी धांवलें नाहीं. टेलिफोनच्या घंटेचें आज तेंच होत आहे. अनोळखी क्रमांक दिसला कीं माणसें तो उचलीत नाहींत. त्यांतच एखादे वेळीं रुग्णालयांतून आलेली हांक असते, अपघातांत सांपडलेल्या मुलानें परक्याच्या फोनवरून आईला मारलेली हांक असते. नको असलेल्या हजार घंटा ही एक हवी असलेली घंटा बुडवितात.

या सर्व इतिहासाचें सार एका वाक्यांत सांगतां येईल. स्ट्रोजरच्या यंत्रानें मध्यस्थाला हटविलें तेव्हां जो साक्षीदार गेला, तोच निरनिराळ्या रूपांनीं परत आणण्याची खटपट कायदा तेव्हांपासून करीत आहे. नंबर दाखविणारें यंत्र, १४० चा क्रमांक, सामाईक नोंदवही, हीं सारीं त्या साक्षीदाराचींच रूपें होत. आणि त्यांतून विचारावयाचा प्रश्नहि नवा नाहीं. वाड्याच्या देवडीवरचा पहारेकरी विचारीत असे तोच तो प्रश्न आहे : 'कोण आहे?' या प्रश्नाचें खरें उत्तर दिल्यावांचून कोणालाहि आंत येतां येणार नाहीं, तेव्हांच घंटा वाजल्यावर माणूस निःशंक मनानें उठेल.