शाळा आणि घर

मुलगा शाळेंत कां येत नाहीं, या प्रश्नाचें उत्तर बहुधा शाळेंत सांपडत नाहीं. तें त्याच्या घरीं जाऊन शोधावें लागतें. आतां शाळांतून समुपदेशक नेमण्याची पद्धत पडली आहे आणि पालकांशीं बोलणें हा त्यांच्या कामाचा मोठा भाग मानला जातो. परंतु मुंबईंत हें काम त्या नांवाहून पुष्कळ जुनें आहे.

1848 सालीं एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमधील विद्यार्थ्यांनीं प्रो. पॅटन यांच्या प्रोत्साहनानें ‘स्टूडंट्स लिटररी अँड सायंटिफिक सोसायटी’ स्थापन केली आणि पुढच्याच वर्षीं मुलींच्या शाळा काढण्याचें धाडस केलें. पैसा नव्हता, जागा नव्हती. पण खरी अडचण निराळीच होती. मुली पाठविणार कोण? तरुण दादाभाई नवरोजी आणि त्यांचे सोबती पारशी वस्तींतून घरोघर हिंडले. त्यांचें मागणें तरी केवढें? तुमची मुलगी बाहेर पाठवूं नका, फक्त तुमच्या ओटीवर बसून तिला शिकवूं द्या, एवढेंच. कित्येकांनीं तें मानलें. दोघां-तिघां बापांनीं मात्र या पोरांना पायऱ्यांवरून खालीं ढकलून देण्याची धमकी दिली.

त्या बापांना अडाणी म्हणून मोकळें होणें सोपें आहे. पण शिकलेल्या मुलीचें पुढें काय होणार, तिला स्थळ कोण देणार, या त्यांच्या प्रश्नाला तेव्हां कोणापाशींच अनुभवाचें उत्तर नव्हतें. तें उत्तर वादविवादानें मिळण्यासारखें नव्हतें. विश्वासानेंच मिळायचें होतें. गिरगांवांत तो विश्वास नाना शंकरशेटांनीं मिळवून दिला. मराठी मुलींच्या शाळेसाठीं त्यांनीं आपल्या वाड्यांत जागा दिली. नानांच्या वाड्यांत जी गोष्ट चालते ती कुळाला बट्टा लावणारी कशी असेल? लोकांचें अर्धें भय तेथेंच गळालें असावें. शिकविणारे तरुण एक पैही न घेतां शिकवीत. पुढें पारशी मुलींच्या शाळांना कामा घराण्यानें द्रव्यसाहाय्य केलें.

गिरगांवांत आडवी आली ती रूढी. परळ-लालबागांत आडवें आलें तें पोट. 1881 च्या कारखाना कायद्यानें सात वर्षांच्या आंतील मुलांनाच काय ती गिरणीची बंदी केली होती. 1891 सालीं ही मर्यादा नऊ वर्षांवर गेली आणि 1922 सालीं बारांवर. म्हणजे ज्या वयांत पाटी हातीं यावयाची त्या वयांत कित्येक पिढ्यांच्या हातीं सूत आलें. अशा घरांतील बापाला शाळेचें महत्त्व पटवावयाचें, तर त्याला स्वतःलाच आधीं अक्षराची गोडी लागली पाहिजे. ना. म. जोशी यांनीं 1911 सालीं स्थापन केलेल्या सोशल सर्व्हिस लीगनें नेमका हाच मार्ग धरला. गिरणी सुटल्यावर कामगारांसाठीं रात्रीच्या शाळा चालविल्या, आणि पुस्तकांच्या पेट्या फिरत्या ठेवून वाचनालय वस्तींत नेलें.

मग आली सक्ती. 1920 सालीं मुंबई शहरापुरता प्राथमिक शिक्षणाचा कायदा झाला आणि 1925 सालीं महापालिकेनें एफ व जी या दोन वॉर्डांत सक्ती लागू केली. परळ, दादर हा भाग त्यांतच येत होता. मूल शाळेंत घालणें हें पालकाचें कर्तव्य ठरलें. पण दंडाच्या धाकानें पटावर नांव चढतें, मूल वर्गांत बसतेंच असें नाहीं. एका खोलीच्या बिऱ्हाडांत आईबाप दोघेंही गिरणींत; मग धाकट्या भावंडाला घ्यावयाचें कोणी? थोरल्या बहिणीनें. दुपारचा डबा पोंचवावयाचा कोणी? मुलानें. शिमगा आला, लावणी आली, कीं सारें बिऱ्हाड कोंकणांत. परत येईपर्यंत वर्ग कितीतरी पुढें गेलेला. यांत हट्ट कोणाचाच नव्हता. पावतीबुकाऐवजीं कान घेऊन जिना चढणाऱ्यालाच हें सारें ऐकूं येत होतें.

1936 सालीं नागपाड्यास सर दोराबजी टाटा ग्रॅज्युएट स्कूल ऑफ सोशल वर्क सुरू झालें. त्याचे पहिले संचालक क्लिफर्ड मॅन्शार्ट हे त्याच भागांत नेबरहुड हाऊस चालवीत होते. पुढच्या वर्षीं या संस्थेनें बालमार्गदर्शनाचें केंद्र काढलें. देशांतील तें अशा प्रकारचें पहिलें. परदेशांत रुळलेल्या या पद्धतींत मुलाची तपासणी मानसतज्ज्ञ करीत, आणि समाजसेवक घरीं जाऊन आईबापांशीं बोलत. ओटीवर बसूं द्या म्हणून विनविणाऱ्या त्या तरुणांना जें पगाराविना आणि शास्त्राविना करावें लागलें होतें, त्याला आतां शिक्षणक्रम मिळाला, पदवीधर मिळाले. जिना मात्र त्यांनाही चढावाच लागे, आणि तोही गिरणीची पाळी सुटल्यावर, आईबाप घरीं सांपडतील अशा वेळीं.