दूर फेकीची विद्या

शस्त्रांचा इतिहास सांगणारे बहुधा तलवारीपासून आरंभ करतात. परंतु तलवारीच्या पुष्कळ आधी मनुष्याच्या हाती दगड होता, आणि तो दगड आपल्या हाताच्या पल्ल्यापलीकडे कसा पोचेल, ही त्याची पहिली चिंता होती. या चिंतेतून जी विद्या निर्माण झाली, तिने पुढे रणांगण सोडले, शेताची राखण केली आणि अखेर ती क्रीडांगणावर येऊन स्थिरावली. या दीर्घ प्रवासात एकच गोष्ट माणसाला पुनःपुन्हा शिकावी लागली. दूर फेकण्याचे रहस्य दंडाच्या बळात नसून अंगाच्या रीतीत असते.

या विद्येचे एक जुने घर आजच्या तेलंगणाच्या उत्तर सीमेवर आहे. आसिफाबादहून राजुऱ्याकडे व पुढे चंद्रपूरकडे जाणाऱ्या मार्गावर वांकिडी हे गाव लागते. हा मुलूख पूर्वीच्या हैदराबाद संस्थानातील आदिलाबाद जिल्ह्याचा. १९५६ साली राज्यपुनर्रचना झाली तेव्हा राजुरा आणि किनवट हे तालुके मुंबई राज्यात गेले, आणि वांकिडी आंध्र प्रदेशात राहिले. २०१४ मध्ये तेलंगण राज्य झाले आणि २०१६ मध्ये आदिलाबादचे विभाजन होऊन हा भाग कुमुरम भीम आसिफाबाद जिल्ह्यात आला. राज्ये बदलली, जिल्हे बदलले. तथापि मराठी, तेलुगू, गोंडी आणि कोलामी या भाषा एकाच बाजारात ऐकू येण्याची रीत काही बदलली नाही. त्याचप्रमाणे या साऱ्या ज्वारीच्या मुलखाचे एक साधनही भाषेची सीमा मानीत नव्हते. ते साधन म्हणजे गोफण.

कणसात दाणा भरू लागला की शेतात माळा उभा राही, आणि त्यावर उभे राहून पाखरे हाकण्याचे काम घरातील पोरासोरांकडे, नाहीतर एखाद्या वृद्धाकडे येई. हे काम बलदंड माणसाचे नव्हते, ही गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. दोन दोऱ्या आणि मध्ये दगड मावेल एवढी विणलेली पट्टी, एवढाच गोफणीचा संसार. एका दोरीचा फास बोटात अडकलेला असतो, दुसरीचे टोक चिमटीत धरलेले असते. गोफण फिरली की दोरीच्या लांबीने जणू हातच लांब होतो, आणि हाताच्या त्याच गतीत दगडाला कितीतरी अधिक वेग मिळतो. चिमटी सुटताच दगड वर्तुळ सोडून सरळ रेषेत निघून जातो. ती एका क्षणानेही उशिरा सुटली तर गोफणगुंडा पाखरांकडे न जाता भलत्याच दिशेला जातो. नवशिक्या गोफण फार वेळ गरगरा फिरवतो. जाणता माणूस एकदोन फेऱ्यांतच दगड सोडतो, कारण उपयोग होतो तो शेवटच्या फेरीचा.

दुसरी पाठशाळा ओढ्याकाठी होती. चपटा दगड पाण्यावर टप्पे घेत जावा म्हणून मुले ज्या भाकऱ्या काढतात, त्या खेळात चकतीचे सारे शास्त्र सामावलेले आहे. दगड चपटा हवा, तो आडवा सुटला पाहिजे, आणि सुटताना त्याला बोटाचा फिरका मिळाला पाहिजे. फिरणारी वस्तू आपला कल सहसा सोडत नाही. भोवरा उभा राहतो तो याच नियमाने. फ्रान्समधील शास्त्रज्ञांनी २००४ साली अॅल्युमिनियमच्या चकत्या यंत्राने पाण्यावर फेकून पाहिल्या, तेव्हा चकतीचा पाण्याशी सुमारे वीस अंशांचा कल सर्वांत लाभदायक ठरला. ओढ्याकाठच्या पोरांना अंशांची गणना ठाऊक नव्हती; त्यांच्या मनगटाला ती ठाऊक होती.

हीच गोष्ट पाश्चात्त्य जगाला क्रीडांगणावर नव्याने शोधावी लागली. प्राचीन ग्रीसमध्ये थाळीफेक हा पंचक्रीडेचा एक भाग होता. इसवी सनापूर्वी पाचव्या शतकात मायरन या शिल्पकाराने घडविलेला थाळीफेक्या जगप्रसिद्ध आहे; मूळ ब्राँझची मूर्ती नष्ट झाली, पण तिच्या रोमन संगमरवरी प्रतिकृती उरल्या. १८९६ साली अथेन्स येथे ऑलिंपिक सामने पुन्हा सुरू झाले, तेव्हा रॉबर्ट गॅरेट या अमेरिकन विद्यार्थ्याने २९.१५ मीटर थाळी फेकून पहिला क्रमांक मिळविला. चारच वर्षांनी पॅरिसला बोहेमियाच्या फ्रान्टिशेक यांडा-सुक याने अंगाची पूर्ण गिरकी घेऊन थाळी फेकली आणि दुसरे स्थान पटकावले. मूर्तीतील वाकलेला देह स्थिर नाही, तो गिरकीच्या मध्यावर आहे, असा अर्थ त्याने त्या शिल्पात वाचला होता असे सांगतात.

रीतीचे महत्त्व किती, याची जणू जाहीर परीक्षाच १९०८ साली लंडनच्या ऑलिंपिकमध्ये झाली. तेथे थाळीफेकीच्या दोन स्पर्धा ठेवल्या होत्या. एकीत प्राचीन मूर्तीबरहुकूम ठराविक पवित्र्यातून थाळी फेकावयाची, दुसरीत खेळाडूला आपली रीत वापरण्याची मोकळीक. दोन्ही स्पर्धा अमेरिकेच्या मार्टिन शेरिडनने जिंकल्या. ग्रीक पवित्र्यात त्याची थाळी सुमारे ३८ मीटर गेली. मोकळ्या रीतीने ती ४०.८९ मीटर गेली. माणूस तोच, दंड तोच. पाय आणि कंबर यांना मोकळीक मिळताच जवळजवळ तीन मीटरांची भर पडली. पुढे गिरकीची ही रीत सर्वमान्य झाली. आज पुरुषांची थाळी दोन किलोग्रॅमची असते आणि ती अडीच मीटर व्यासाच्या वर्तुळातून फेकली जाते. लिथुआनियाच्या मिकोलास अलेक्नाने २०२५ साली ती ७५.५६ मीटरपर्यंत पोचविली. भारतापुरते बोलायचे तर पुण्याच्या बालेवाडीत २०१३ साली झालेल्या आशियाई मैदानी स्पर्धांत विकास गौडाने थाळीफेकीचे सुवर्णपदक मिळविले आणि पुढच्याच वर्षी ग्लासगोच्या राष्ट्रकुल स्पर्धांतही तो पहिला आला.

या घराण्याचे सर्वांत धाकटे अपत्य म्हणजे प्लॅस्टिकची उडती चकती. अमेरिकेत फ्रेड मॉरिसनने प्रथम केकच्या पत्र्याच्या थाळ्या फेकून पाहिल्या. १९५५ साली त्याने सुधारलेली चकती बाजारात आणली आणि १९५७ पासून ती फ्रिझबी या नावाने विकली जाऊ लागली. एड हेड्रिकने तिच्या पाठीवर बारीक वलये घालून तिचे उड्डाण स्थिर केले, आणि १९७५ साली कॅलिफोर्नियात डिस्क गोल्फचे पहिले कायमचे मैदान सिद्ध केले. या खेळात चेंडूऐवजी चकती आणि खळीऐवजी टोपली असते. जितक्या कमी फेकीत टोपली गाठावी तितके उत्तम. साहजिकच पहिली फेक दूर जाणे महत्त्वाचे ठरते. २०१६ साली नेवाडाच्या वाळवंटात वाऱ्याचे साह्य घेऊन डेव्हिड विगिन्स या तरुणाने चकती ३३८ मीटर फेकली. दोनशे ग्रॅमहूनही हलकी वस्तू एवढी दूर जाते, कारण ती नुसती फेकली जात नाही. ती हवेवर तरंगते.

नवशिक्याची फसगत येथेच होते. चकती दूर जात नाही असे दिसताच तो हाताला अधिक ताण देतो. त्यामुळे खांदा दुखू लागतो, पण अंतर काही वाढत नाही. वस्तुतः उजव्या हाताने आडवी फेक करणाऱ्याने प्रथम उजवा खांदा लक्ष्याकडे करून उभे राहावे. मग अंग मागे वळवून चकती मागे न्यावी. उजवा पाय पुढे घट्ट रोवावा. त्या पायावर आधी कंबर वळावी, मग खांदा, मग कोपर आणि सर्वांत शेवटी मनगट. आसुडाच्या मुठीपाशी आरंभलेली गती टोकाशी जाऊन कडाडते, तोच हा क्रम. चकती छातीजवळून सरळ रेषेत ओढली पाहिजे. ती अंगाभोवती लांबून वळसा घेऊ लागली की बळ फुकट जाते आणि दिशाही चुकते. पकड आरंभी सैल असावी, सुटण्याच्या क्षणी घट्ट व्हावी.

दुसरा दोष चकतीच्या कलाचा. नवशिक्याच्या हातून चकतीची पुढची कड वर उचलली जाते. मग ती आकाशाकडे झेपावते, क्षणभर थबकते आणि डावीकडे कोसळते. किटलीतून चहा ओतताना मनगट जसे किंचित खाली झुकते तसे ठेवले की ही कड सपाट राहते. आणखी एक गोष्ट. धारदार कडेच्या वेगवान चकत्या कसलेल्या हातासाठी असतात; मंद हाताने सोडल्या तर त्या लवकरच जमिनीकडे वळतात. आरंभी जाड कडेची, संथ चकतीच घ्यावी. ती फेकीतला दोष लपवीत नाही, म्हणूनच ती उत्तम गुरू होय.

वांकिडीच्या परिसरात आता ज्वारीची जागा पुष्कळ अंशी कपाशीने घेतली आहे. कपाशीला पाखरांची राखण लागत नाही. माळे गेले, आणि माळ्यांबरोबर गोफण शिकविणारी पिढीही सरत चालली आहे. या विद्येचा ग्रंथ नाही. ती हातातून हातात जात असे, आणि हातांची ती साखळी तुटली की ती परत मिळवण्यास शेरिडनच्या काळाप्रमाणे पुन्हा चाचपडावे लागेल. शाळेच्या मैदानावर थाळी वा चकती शिकविणाऱ्या शिक्षकाने गावातील एखाद्या जुन्या राखणदाराला बोलावून मुलांपुढे एकदा गोफण फिरवावयास लावली, तर पाय रोवणे, कंबर वळवणे आणि योग्य क्षणी सोडणे हे तिन्ही धडे त्यांना एका तासात दिसतील. त्यानंतर कपाशी निघालेल्या मोकळ्या रानात मुलांनी रोज दहा फेकी कराव्या आणि पावलांनी मोजाव्या. वहीत मात्र सर्वांत लांब गेलेली एक फेक न लिहिता दहांची सरासरी लिहावी. एखादी फेक दैवाने साधते, सरासरी रीत सुधारल्यावाचून वाढत नाही.