मांजर घराला असतं

१९८९ च्या जूनमध्ये वडिलांची चिपळूणहून परभणीला बदली झाली. मी तेव्हा नऊ वर्षांची होते. लोखंडी कपाट, पलंग, आईचं शिलाई मशीन, धान्याचे डबे असं सगळं एकेक करून ट्रकमध्ये चढलं. सर्वांत शेवटी ओल्या गोणपाटात गुंडाळलेली तुळशीची कुंडी चढली. मनी मात्र चढली नाही. मी रडायला लागले तेव्हा आजी म्हणाली, "अगं, कुत्रं माणसाला असतं, मांजर घराला. ती इथंच सुखात राहील." शेजारच्या काकूंनी दूध घालायचं कबूल केलं होतं. ट्रक निघाला तेव्हा मनी पायरीवर बसून पाय चाटत होती, त्यामुळे मला आजीचं म्हणणं पटलं.

हे वाक्य मी पुढे अनेक वर्षं बाळगलं. तौलनिक साहित्य शिकताना आणि नंतर अनुवादाची कामं करताना हाच समज इंग्रजीतही भेटला, तेव्हा वाटलं, दोन भाषा एकच गोष्ट सांगत असतील तर ती खरी असणार. पण एखादा समज दोन ठिकाणी सापडला म्हणजे तो सिद्ध झाला असं नाही. कधीकधी एवढंच सिद्ध होतं की दोन्हीकडच्या माणसांना त्याची गरज होती.

मराठीत मांजर आणि प्रवास यांचं तसं जमत नाही. मांजर आडवं गेलं की माणूस थबकतो, चार पावलं मागे येतो. नको असलेलं मांजर पोत्यात घालून नदीपलीकडे सोडतात आणि ते परत आलं की त्याच्या घराच्या ओढीचं कौतुक करतात. बंगालात मांजर षष्ठीदेवीचं वाहन आहे, पण ती देवी लेकराबाळांची. तिचा वावर बाळंतिणीच्या खोलीत, हमरस्त्यावर नव्हे. 'विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर' असं आपण म्हणतो, पण मांजराचं बिऱ्हाड म्हटलं की एकच गोष्ट आठवते: मांजरी आपली पिल्लं सात घरं फिरवते. या शेवटच्या समजुतीकडे मी बरीच वर्षं लक्ष दिलं नव्हतं. घराला असलेलं जनावर सात घरं कसं फिरवील?

मांजर आणि माणूस यांच्या सोबतीचा जो फार जुना पुरावा सापडला आहे, तो प्रवासाचाच आहे. सायप्रस बेटावर सुमारे साडेनऊ हजार वर्षांपूर्वीच्या एका दफनात माणसाच्या सांगाड्यापासून हातभर अंतरावर मांजराचा सांगाडा मिळाला. २००४ साली ही बातमी प्रसिद्ध झाली. ते पाळीव होतं की माणसाळलेलं रानमांजर, याबद्दल वाद होऊ शकतो. एक गोष्ट मात्र वादापलीकडची आहे: सायप्रसमध्ये मूळची मांजरं नव्हती. म्हणजे त्या मांजराला किंवा त्याच्या पूर्वजांना कुणीतरी होडीत घालून समुद्रापार आणलं होतं.

त्यानंतर हजारो वर्षं मांजराचं फिरतं घर म्हणजे जहाज. उंदीर धान्य खात, शिडांची कापडं कुरतडत, म्हणून मांजर खलाशांच्या बरोबरीने कामाला असे. या असंख्य मांजरांपैकी एकाचं चरित्र आपल्याला मिळालं, कारण त्याचा मालक तुरुंगात पडला आणि त्याला लिहायला वेळ मिळाला. मॅथ्यू फ्लिंडर्स हा इंग्रज नाविक. १८०१ ते १८०३ या काळात 'इन्व्हेस्टिगेटर' जहाजातून त्याने ऑस्ट्रेलियाला प्रदक्षिणा घातली. त्याचा बोका ट्रिम १७९९ साली 'रिलायन्स' जहाजावर, केप ऑफ गुड होपकडून बॉटनी बेकडे जाताना जन्मला. अंग काळं, पंजे पांढरे, छातीवर पांढरा ठिपका. पिल्लू असताना तो समुद्रात पडला आणि दोराला धरून पुन्हा वर चढला, असं फ्लिंडर्स सांगतो. १८०३ मध्ये प्रवाळाच्या खडकावर जहाज फुटलं, त्यातूनही तो वाचला. त्याने घोडागाडीतून लंडनपर्यंतचा प्रवासही केला होता.

काही वर्षांपूर्वी मी हे छोटं चरित्र मराठीत आणायला घेतलं आणि पहिल्याच परिच्छेदात अडले. इंग्रजीत ट्रिम सहजपणे 'तो' आहे. मराठीत 'मांजर' लिहिलं की 'ते' येतं, आणि फ्लिंडर्सचा मित्र एकदम वस्तू होतो. 'बोका' लिहिलं की माजलेला, दुधावर टपलेला असा अर्थ आपोआप चिकटतो. निष्ठावान बोका हे शब्द आपल्याकडे शेजारी बसत नाहीत. शेवटी मी बोकाच ठेवला आणि शब्दाला नवी सवय लागेल असं धरून चालले.

दुसऱ्यांदा अडले ती शेवटाजवळ. इंग्लंडला परतताना फ्लिंडर्स डिसेंबर १८०३ मध्ये मॉरिशसला, म्हणजे तेव्हाच्या ईल द फ्रान्स या फ्रेंच बेटावर थांबला. दोन्ही देशांत युद्ध सुरू झालं होतं. हेर समजून त्याला डांबलं, आणि त्याची सुटका झाली ती १८१० मध्ये. कैदेत ट्रिमचे हाल नकोत म्हणून त्याने त्याला एका फ्रेंच बाईंच्या लहान मुलीकडे सोपवलं. थोड्याच दिवसांत ट्रिम नाहीसा झाला. फ्लिंडर्सने दहा स्पॅनिश डॉलरांचं बक्षीस लावलं. कुणा भुकेल्या गुलामाने त्याला खाल्लं असावं, असा त्याचा संशय. इथे माझी लेखणी थांबली. ज्या बेटावर माणसं विकत घेऊन आणलेली होती, तिथे स्वतः कैदेत असलेल्या माणसाचाही संशय पहिला गेला तो गुलामावर. गुलामगिरी संपल्यावर त्याच बेटावर मजुरीच्या करारावर हिंदुस्थानातली माणसं गेली. त्यांत मुंबई बंदरातून गेलेली मराठी माणसंही होती, आणि त्यांचे वंशज आजही तिथे आहेत. कोण आपल्या खुशीने प्रवासाला निघतं आणि कुणाला नेलं जातं, हा प्रश्न तिथे एकट्या मांजरापुरता नव्हता.

घर सोबत असेपर्यंत ट्रिमने दोन महासागर पार केले आणि जहाज फुटलं तेव्हाही तो खलाशांबरोबर राहिला. हरवला तो चार भिंतींच्या पक्क्या घरात, अनोळखी माणसांकडे ठेवल्यावर.

दुसरी नोंद अंटार्क्टिकाची. अर्नेस्ट शॅकल्टनच्या 'एन्ड्युरन्स' जहाजावर हॅरी मॅकनिश या सुताराचं मांजर होतं. ते सुताराच्या मागे मागे बायकोसारखं फिरतं म्हणून खलाशांनी त्याला 'मिसेस चिपी' म्हणायला सुरुवात केली. तो बोका आहे हे नंतर कळलं, पण नाव राहिलं. १९१५ च्या जानेवारीत जहाज बर्फात अडकलं, ऑक्टोबरच्या शेवटी बर्फाने ते चिरडलं. माणसं बर्फावर उतरली. २९ ऑक्टोबरला शॅकल्टनच्या हुकुमावरून कुत्र्यांची सर्वांत लहान पिल्लं आणि मिसेस चिपी यांना गोळ्या घालण्यात आल्या. अन्न मोजकं होतं आणि ओझं ओढायचं होतं; हिशोब चुकीचा होता असं मी खुर्चीत बसून म्हणणार नाही. पण याच मॅकनिशने नंतर होडी अशी बांधून दिली की शॅकल्टन आणि त्याचे सोबती खवळलेल्या समुद्रातून सुमारे ८०० सागरी मैल जाऊन मदत आणू शकले. मांजराबद्दल त्याने शॅकल्टनला क्षमा केली नाही, असं सांगतात. वेलिंग्टनमधल्या त्याच्या कबरीवर २००४ साली मांजराचा ब्राँझचा पुतळा बसवण्यात आला.

जहाजावरचं हे फिरतं घर जमिनीवर आणणारा माणूसही नौदलातलाच निघाला. विल्यम गॉर्डन स्टेबल्स हा स्कॉटिश डॉक्टर नौदलातून निवृत्त होऊन मुलांसाठी साहसकथा लिहू लागला. १८८५ मध्ये त्याने ब्रिस्टलच्या कारखान्यात सुमारे दोन टनांची, दोन घोड्यांची एक राहती गाडी बांधून घेतली, तिला 'वाँडरर' हे नाव दिलं आणि केवळ हौसेसाठी दक्षिण इंग्लंडपासून स्कॉटलंडमधल्या इन्व्हर्नेसपर्यंत गेला. फिरत्या जमाती असं शतकानुशतकं राहत आल्या होत्या. पोटापाण्याची गरज नसताना, हिंडण्याच्या सुखासाठी असं राहणं ही नवी गोष्ट होती. त्याने गाडीला 'जमिनीवरचं गलबत' म्हटलं. हाच स्टेबल्स मांजरांचा मोठा कैवारी. मांजर लबाड आणि स्वार्थी असतं हा समज खोडून काढायला त्याने १८७० च्या दशकात एक आख्खं पुस्तक लिहिलं होतं. पण 'वाँडरर'च्या सफरीवरच्या पुस्तकात सोबती म्हणून भेटतात ते घोडे, गाडीवान, नोकर, हरिकेन बॉब नावाचा न्यूफाउंडलंड कुत्रा आणि एक काकाकुवा. मांजर या मंडळीत नाही. त्याचं कारण त्याच्या मनात काय होतं ते बाजूला ठेवू. गाडीत मांजर ठेवण्यातली व्यावहारिक अडचण मात्र उघड आहे, आणि ती निष्ठेची नसून शौचाची आहे.

कुत्र्याला गाडी थांबवून फिरवून आणता येतं. मांजराला रोज नव्या माळावर मोकळं सोडलं तर ते गाडीकडे परत येईलच असं नाही. आत ठेवायचं तर माती किंवा राख लागते, आणि बंद जागेत तिचा वास सहन होत नाही. १९१० साली न्यूयॉर्कच्या प्रदर्शनात पिअर्स-ॲरो कंपनीने मोटारीवरचं घर मांडलं, त्यात उलगडून पलंग होणारं मागचं आसन होतं, घडीचं बेसिन होतं आणि माणसांसाठी शौचाचं भांडंही होतं. मांजराची सोय व्हायला आणखी ३७ वर्षं जावी लागली.

१९४७ च्या हिवाळ्यात अमेरिकेतल्या मिशिगन राज्यात एड लो नावाच्या तरुणाकडे शेजारीण वाळू मागायला आली. तिच्या मांजराच्या खोक्यातली राख घरभर पसरत होती. वाळू गोठली होती, म्हणून त्याने तिला कारखान्यांत सांडलेलं तेल टिपायला वापरतात त्या भाजलेल्या मातीचे दाणे दिले. त्यांनी ओल आणि वास दोन्ही शोषलं. पाच पौंडांच्या पिशव्यांवर त्याने 'किटी लिटर' असं हाताने लिहिलं आणि त्या विकायला ठेवल्या. ती माती 'फुलर्स अर्थ' या जातीची; आपल्याकडे हिला मुलतानी माती म्हणतात. चेहऱ्याला लावायच्या मातीने मांजराचा इतिहास बदलला, हे वाचून मला हसू आलं. पण तसंच झालं. मांजर कायमचं घरात राहू शकलं, आणि जे घरात राहू शकतं ते चाकांवरच्या घरातही राहू शकतं.

१९६० मध्ये जॉन स्टाइनबेकने ट्रकवर खोली बसवून अमेरिका पालथी घातली, तेव्हा सोबत कुत्राच होता, आणि तोच या प्रकारच्या प्रवासाचा नमुना ठरला. पण आज तिथे मोटरहोममधून मांजरं घेऊन हिंडणारी, रानात मुक्काम करणारी माणसं पुष्कळ आहेत. त्यांचे नियम बघितले की आजीचं वाक्य नव्याने समजतं. आधी गाडी अंगणात उभी ठेवून मांजराला तिच्यात रुळू द्यायचं. चालत्या गाडीत त्याला पिंजऱ्यात ठेवायचं, नाहीतर ते ब्रेकच्या पायाखाली जाऊन बसतं. मुक्कामावर दार उघडण्याआधी ते कुठे आहे हे पाहायचं. बाहेर न्यायचं तर छातीपट्टा आणि दोरी लावून. उन्हात बंद गाडीत कधीच सोडायचं नाही. मांजर गाल घासून वस्तूंना आपला वास लावतं. तो वास जिथे आहे ती जागा त्याची. त्याला दाराबाहेर रोज नवा डोंगर चालतो, दाराच्या आत मात्र कालचीच चादर लागते.

दोन वर्षांपूर्वी मी पुण्याहून हैदराबादला राहायला आले, तेव्हा हे सगळं डोळ्यांसमोर होतं. भाड्याची मोटार, साडेपाचशे किलोमीटर, आणि मागच्या सीटवर टोपलीत माझा बोका. टोपलीत मुद्दाम महिनाभर न धुतलेली चादर. सोलापूरपर्यंत तो ओरडला, मग झोपला. नव्या घरात तीन दिवस त्या चादरीखाली राहिला, चौथ्या दिवशी खिडकीत जाऊन बसला. आजी अगदीच चूक नव्हती. मांजर घराला असतंच. पण घर म्हणजे काय, हे ट्रक भरताना कुणी मनीच्या बाजूने पाहिलं नाही. आम्ही तुळशीसाठी गोणपाट भिजवलं होतं.

परभणीला गेल्यावर महिन्याभराने काकूंचं आंतर्देशीय पत्र आलं होतं. आईने ते मला वाचून दाखवलं नाही. आई गेल्यावर तिच्या ट्रंकेत सापडलं. काकूंनी लिहिलं होतं, की मनी दूध पिऊन जाते, पण पंधरा दिवस ती तुमच्या बंद दारासमोरच बसून होती. मग तुमच्या जागी नवीन बिऱ्हाड आलं, दार उघडलं. ती आत जाऊन सगळ्या खोल्या फिरून आली, आणि त्या दिवसानंतर दिसली नाही.