खेळाडू कोर्टात जातो तेव्हा: दावा एकाचा, फायदा कुणाचा?

धारगळ : क्रीडानगरीची चर्चा धारगळवाल्यांनी वर्षानुवर्षे ऐकली. जमीन, मैदान, स्टेडियम यांवर भरपूर बोलून झाले. पण मैदानात उतरणाऱ्या पोराचा करार, मानधन, क्लब सोडण्याची मोकळीक यावर फारसे कुणी बोलत नाही. उद्या पेडणे-डिचोलीतला एखादा खेळाडू क्लबच्या कागदावर सही करील. वाद झाला आणि तो कोर्टात गेला, की पहिली शंका ठरलेली: 'हा सगळ्यांसाठी भांडतो की स्वतःसाठी?'

१९८९ : सहा भारतीय क्रिकेटपटू

आपल्याकडचे ठळक उदाहरण दिलीप वेंगसरकर यांच्या काळातले. वेस्ट इंडीज दौऱ्यानंतर काही खेळाडू अमेरिकेत प्रदर्शनी सामने खेळले. क्रिकेट मंडळाने वेंगसरकर, कपिल देव, रवी शास्त्री, मोहम्मद अझरुद्दीन, किरण मोरे आणि अरुण लाल या सहा जणांवर वर्षभराची बंदी घातली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले आणि बंदी उठली.

यात स्वार्थ होता का? होताच. खेळाडूची कारकीर्द मोजक्या वर्षांची, त्यातले एक वर्ष गेले तर भरून कोण देणार? त्यात गैर काहीच नाही. पण बंदी उठल्याने सुटला तो त्या सहा जणांचा प्रश्न. मंडळाची वार्षिक करारपद्धत आली ती २००४ साली, म्हणजे पंधरा वर्षांनी.

हरला एक, जिंकले बाकीचे

उलट उदाहरण अमेरिकेतले. बेसबॉलपटू कर्ट फ्लड याला १९६९ साली सेंट लुईस संघाने न विचारता फिलाडेल्फियाला देऊन टाकले. वर्षाला ९० हजार डॉलर कमावणारा हा खेळाडू कोर्टात गेला. 'तू हरशील, करिअरही जाईल,' असे संघटनेचे प्रमुख मार्व्हिन मिलर यांनी त्याला आधीच बजावले होते. मालकांनी पैसे देऊ केले तर मध्येच माघार घेशील का, हेही संघटनेने विचारून घेतले. तो मागे हटला नाही. १९७२ साली निकाल ५ विरुद्ध ३ असा त्याच्या विरोधात गेला. संघ निवडायची मोकळीक बेसबॉलपटूंना १९७५ च्या लवादानंतर मिळाली. तोवर फ्लडचा खेळ संपला होता.

बेल्जियमचा फुटबॉलपटू जाँ-मार्क बोसमन १९९५ साली जिंकला. करार संपलेला खेळाडू युरोपीय संघातल्या दुसऱ्या देशातल्या क्लबकडे गेला, तर जुन्या क्लबला बदलीचे पैसे मागता येणार नाहीत, असे ठरले. पुढच्या पिढीने कोट्यवधी कमावले. बोसमनच्या वाट्याला मात्र आर्थिक ओढाताण आली.

खरी परीक्षा तडजोडीच्या वेळी

२०११ साली टॉम ब्रेडी, पेटन मॅनिंग यांच्यासह दहा जणांनी अमेरिकेतल्या फुटबॉल लीगविरुद्ध दावा लावला. तडजोड जवळ आली तेव्हा, दोघा वादींना स्वतःसाठी वेगळी सवलत किंवा एक कोट डॉलर हवेत, अशा बातम्या आल्या. त्यावर टीका झाली. १९९३ च्या अशाच तडजोडीत वादींना खास सूट मिळाली होती, असा दाखला तेव्हा दिला गेला.

इथे दोन्ही बाजू ऐकाव्या लागतात. नाव पुढे केले त्याने मालकांचा रोष ओढवून घेतला, मग थोडे जास्त मिळाले तर बिघडले कुठे? पण दावा 'सर्वांच्या वतीने' असेल, तर सर्वांच्या हक्काच्या बदल्यात आपला हिस्सा वाढवून घेणे म्हणजे शेजाऱ्याचे भात विकून आपले कर्ज फेडणे.

आपला कायदा काय सांगतो?

दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश १, नियम ८ नुसार समान हितसंबंध असलेल्या अनेकांच्या वतीने एक-दोघे दावा लावू शकतात. त्यासाठी कोर्टाची परवानगी लागते आणि बाकीच्यांना नोटीस द्यावी लागते. आदेश २३, नियम ३-ब नुसार अशा दाव्यात कोर्टाच्या परवानगीशिवाय तडजोड करता येत नाही. केली तर ती रद्दबातल. म्हणजे वादी माणूसच आहे, त्याला मोह होणार, हे कायद्याने आधीच धरले आहे. मात्र एकट्याने स्वतःपुरता दावा लावला असेल, तर तो कधीही मिटवायला मोकळा.

नाव देण्याआधी हे विचारा

• दावा स्वतःपुरता की सर्वांच्या वतीने?
• वकिलाचा खर्च कोण करतोय, आणि त्याला काय हवे आहे?
• एकट्याला पैसे देऊ केले तर काय करायचे, हे लेखी ठरले आहे का?
• हरल्यावर किंवा काम गेल्यावर वादीला कोण सांभाळणार?

शेवटचा प्रश्न सगळ्यात अवघड. भारतीय क्रिकेटपटूंची संघटना २०१९ साली झाली, तीही निवृत्तांसाठी. फुटबॉलपटूंची संघटना २००६ पासून आहे. पाठीशी संघटना नसलेल्या खेळाडूने स्वतःचे पाहिले, तर दोष त्याला एकट्याला कसा द्यायचा? सगळ्यांसाठी लढ म्हणायचे, तर खर्चाची वर्गणीही सगळ्यांनीच काढायला हवी.