साथ आणि धीर : साथरोगांच्या अभ्यासाची प्रस्तावना

कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत, २०२१ साली, नांदेड जिल्ह्याच्या भोकर तालुक्यातले भोसी हे सुमारे सहा हजार वस्तीचे गाव लागणीच्या तडाख्यात सापडले. गावात लग्न झाले होते, आणि त्यानंतर आठवड्याभरात पहिले रुग्ण निघाले. जिल्हा परिषद सदस्य प्रकाश देशमुख भोसीकर, ग्रामपंचायत आणि आरोग्य विभाग यांनी मिळून तपासणी शिबिर घेतले, तेव्हा ११९ जण बाधित ठरले. ज्यांचा त्रास सौम्य होता त्यांना पंधरा-सतरा दिवस आपापल्या शेतात राहायला सांगितले. ज्यांना शेतच नव्हते अशा मजुरांसाठी भोसीकरांनी आपल्या रानात चाळीस बाय साठ फुटांची शेड उभी केली. आशाताई आणि अंगणवाडीताई रोज रानात जाऊन विचारपूस करीत. दीडेक महिन्यात गाव कोरोनामुक्त झाले.

या हकिगतीत शौर्याचा प्रसंग एकही नाही, आणि म्हणूनच साथरोगांच्या अभ्यासात शिरताना ती आधी सांगावीशी वाटते. बाधित कोण, हे तपासणीने ठरले. त्यांनी राहायचे कुठे, हे गावाने ठरवले. चौकशीला रोज कोण जाणार, हेही ठरले. शेत नसलेल्याने काय करायचे, हा प्रश्न कुणीतरी वेळेवर विचारला. एवढे ठरल्यावर भीतीला फारसा वाव उरला नाही. ‘घाबरू नका’ असे कितीही वेळा सांगितले तरी माणूस घाबरायचा थांबत नाही. आपण काय करायचे आणि आपल्यासाठी कोण काय करणार, हे कळले की तो आपोआप सावरतो. धीर हा व्यवस्थेतून येतो, एवढे एकच सूत्र हाती धरून पुढच्या विषयात शिरावे.

विषय तसा अवघड नाही. दवाखान्यातला डॉक्टर एका रोग्याला विचारतो, काय होतंय? साथरोगशास्त्र तोच प्रश्न अख्ख्या गावाला विचारते. आजारी कोण पडले, कोणत्या आळीतले, कधीपासून? आणि तितकाच महत्त्वाचा प्रश्न म्हणजे, शेजारी राहूनही जे आजारी पडले नाहीत ते कसे वाचले? १८५४ साली लंडनमध्ये जॉन स्नो या डॉक्टराने पटकीचे मृत्यू घराघराने मांडून पाहिले आणि ब्रॉड स्ट्रीटवरच्या एका हातपंपाभोवती ते दाटले आहेत, हे दाखवून दिले. पटकीचा जंतू रॉबर्ट कॉखने कलकत्त्यात ओळखून जाहीर केला तो १८८४ साली, म्हणजे तीस वर्षांनी. जंतू ठाऊक नसतानाही वाट ओळखता येते, आणि वाट ओळखली की ती अडवता येते. त्यामुळे या शास्त्राचा पहिला धडा प्रयोगशाळेत नसून नोंदवहीत आहे. ती वही शिक्षक, ग्रामसेवक किंवा आशाताई यांच्यापैकी कुणीही प्रामाणिकपणे लिहू शकते.

हा अभ्यास इस्लापूरसारख्या ठिकाणी बसून करण्यात एक सोय आहे. नांदेड जिल्ह्याच्याच किनवट तालुक्यातले हे गाव मुदखेड-आदिलाबाद रेल्वेमार्गावर आहे आणि पैनगंगेवरचा सहस्रकुंड धबधबा जवळच आहे. १९५६ च्या राज्य पुनर्रचना कायद्यात ‘बोथ तालुक्यातील इस्लापूर सर्कल’ असा या भागाचा वेगळा उल्लेख करून तो आदिलाबाद (आता तेलंगणातील) जिल्ह्यातून काढला आणि तेव्हाच्या मुंबई राज्याला जोडला. कागदावरची सीमा हलली, नातीगोती मात्र दोन्हीकडे राहिली. सीमेवरचा माणूस आजारी एका राज्यात पडतो आणि उपचाराला दुसऱ्या राज्यात जातो, तेव्हा त्याची नोंद कुणाच्या वहीत होणार? शिवाय या तालुक्यात मराठी, तेलुगू, गोंडी, कोलामी आणि बंजारा बोली नांदतात. तांड्यावरच्या किंवा कोलामांच्या गुड्यावरच्या आजीला साथीची सूचना तिच्या बोलीत मिळाली नाही, तर तिच्यापुरती ती सूचना निघालीच नाही. मोठ्या शहरात हे प्रश्न गर्दीत दडतात, इथे ते उघडे दिसतात.

महाराष्ट्राच्या इतिहासात या विषयाचे सर्वांत मोठे प्रकरण प्लेगचे आहे. सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईत मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी गाठीचा प्लेग ओळखला. फेब्रुवारी १८९७ मध्ये सरकारने साथरोग कायदा केला. पुण्यात प्लेग अधिकारी रँडच्या हाताखाली गोऱ्या सोल्जरांनी घरोघर झडत्या घेतल्या. परिणाम असा झाला की लोक रोगापेक्षा झडतीला भिऊ लागले आणि आजारी माणूस लपवू लागले. लपवलेला रोगी ना उपचारात येतो ना मोजणीत, त्यामुळे साथीला मोकळे रान मिळते. २२ जून १८९७ च्या रात्री चापेकर बंधूंनी रँडवर गोळी झाडली. तो इतिहास सर्वांना पाठ आहे, पण साथरोगांच्या अभ्यासकाने त्यातून घ्यायचा बोध वेगळा आहे. धाकाने केलेली व्यवस्था माहिती गमावते. त्याच पुण्यात, त्याच साथीत, सावित्रीबाई फुले रोग्यांना उचलून आपले दत्तक पुत्र डॉ. यशवंत यांच्या दवाखान्यात आणत होत्या. त्यातच लागण होऊन १० मार्च १८९७ रोजी त्या गेल्या. रोग्याजवळ जाणारे हात दोन प्रकारचे होते आणि लोकांनी कोणत्या हातांवर विश्वास ठेवला, हे सांगायला नको.

खेड्यापाड्यांनी या काळात आपला एक उपाय काढला होता. घरात उंदीर मरून पडू लागले की गाव सोडायचे आणि माळावर, रानात झोपड्या घालून राहायचे. उंदीर आणि माणूस यांचे नाते लोकांनी पाहून ओळखले होते, दुवा तेवढा हाती आला नव्हता. १८९८ मध्ये पॉल-लुई सिमाँने कराचीत तो दुवा, म्हणजे उंदरावरची पिसू, दाखवून दिला. पुढे प्लेग संशोधन आयोगाने मुंबईत त्याची कसून परीक्षा घेतली. प्लेगने मृत्यू झालेल्या घरांत गिनीपिगांचे पिंजरे ठेवले, आणि काही पिंजऱ्यांभोवती चिकट कागद पसरला. चिकट कागदावर पिसवा अडकल्या आणि आतले प्राणी वाचले, उघड्या पिंजऱ्यांतले काही मात्र प्लेगने मेले. हवा दोघांनाही तीच होती. शंकेला जागा न ठेवणारा प्रयोग कसा रचावा, याचा हा नमुना नवशिक्याने मुद्दाम अभ्यासावा.

मराठवाड्याला प्लेग पुन्हा भेटला तो १९९४ मध्ये. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. पडझड झालेली घरे सोडून लोक बाहेर राहू लागले, आत साठवलेले धान्य तसेच राहिले, त्यावर उंदीर वाढले आणि उंदरांवर पिसवा. अभ्यासकांनी जुळवलेली साखळी ती अशी. ऑगस्ट १९९४ मध्ये बीड जिल्ह्यातल्या मामला गावात गाठीच्या तापाचे रुग्ण निघाले. पुढच्याच महिन्यात सुरतेत फुफ्फुसाच्या प्लेगची बातमी फुटली आणि लाखो माणसे रेल्वेने, बसने, मिळेल त्या वाहनाने शहर सोडून पळाली. देशभर औषध दुकानांतून प्लेगवरचे टेट्रासायक्लिन नाहीसे झाले. निरोगी माणसांनी ते कपाटात साठवले आणि गरजूला मिळेनासे झाले. मृत्यूंची संख्या शेवटी पन्नासच्या आसपास राहिली. भूकंपानंतर धान्य आणि उंदीर यांच्याकडे लक्ष देणे हेही साथीचेच काम होते, हे मराठवाड्याला फार महागात कळले.

आता रोजच्या कामाकडे वळू. साथी पुष्कळ असल्या तरी त्यांच्या वाटा मोजक्या आहेत : पाणी, श्वास, कीटक आणि स्पर्श. ज्या वाटेने रोग येतो तिच्यावरच पहारा बसवावा लागतो. डेंगूच्या रोग्याला वेगळ्या खोलीत कोंडून उपयोग नाही, त्याला मच्छरदाणी हवी. डेंगू पसरवणारा डास घरातल्या साठवणीच्या स्वच्छ पाण्यात वाढतो. अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस लागतात, म्हणून आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळायचा. गोवराचे गणित याहून कडक आहे. लस नसलेल्या वस्तीत गोवराचा एक रोगी बारा ते अठरा जणांना लागण करू शकतो, म्हणून शंभरातल्या पंचाण्णव मुलांना लस मिळाली पाहिजे. तांड्यावरची जी मुले आईबापांबरोबर ऊसतोडीला जातात त्यांचा डोस कुठे चुकतो, हे शोधणे हा एखाद्या पदवीच्या प्रबंधाइतकाच गंभीर अभ्यास आहे.

पाण्याचे उदाहरण जवळून पाहू. पावसाळ्यात विहिरीत गढूळ पाणी उतरते, आणि हगवण, गॅस्ट्रो सुरू होतो. ग्रामपंचायतीचा जलसुरक्षक टीसीएल (ब्लीचिंग) पावडर वापरतो, हजार लिटरला साधारण ५ ग्रॅम. पावडर बादलीत कालवून गाळ खाली बसू द्यायचा, वरची निवळी तेवढी पाण्यात सोडायची आणि निदान अर्धा तास थांबायचे. मग दूरच्या नळाचे पाणी घेऊन ओटी (ऑर्थोटोलिडीन) टेस्ट करायची. थेंब टाकल्यावर पाणी पिवळे झाले तर क्लोरीन शेवटच्या घरापर्यंत पोचले. पिवळे झाले नाही, तर दोन शक्यता आधी पाहाव्यात. कुठेतरी पाइप फुटून घाण आत येत असेल, नाहीतर उघड्या पोत्यात ओल लागून पावडरीचा दम गेला असेल. साथीत किती माणसे वाचणार, हे पुष्कळदा त्या पोत्याचे तोंड बांधलेले होते की नाही यावर ठरते.

आणि जुलाब लागलेच तर? १९७१ मध्ये बांगलादेशच्या निर्वासितांच्या छावणीत, बनगावला, सलाइन संपत आल्यावर डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, ग्लुकोज आणि खाण्याचा सोडा यांचे पाणी पिंपांतून पाजायला दिले. नातेवाइकांनीच ते रोग्यांना पाजले. तिथले मृत्यूचे प्रमाण तीस टक्क्यांच्या घरातून चार टक्क्यांच्या खाली आले. आज तीच जलसंजीवनी आशाताईच्या पिशवीत असते. पाकीट नसेल तर लिटरभर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घालावे. चमचा चहाचा. रोगी सुस्तावला, लघवी थांबली किंवा पोटात काही ठरेना, तर घरी वेळ न घालवता दवाखाना गाठावा.

राहिला प्रश्न अफवांचा आणि दोष देण्याचा. एप्रिल २०२० मध्ये हुजूर साहिब गुरुद्वाराच्या दर्शनाला आलेले हजारो शीख यात्रेकरू टाळेबंदीमुळे नांदेडला अडकले होते. महिनाअखेर त्यांना बसने पंजाबात नेले आणि तिथे त्यांच्यातले अनेक बाधित निघाले. लागण नांदेडला झाली, वाटेत झाली की आणखी कुठे, यावर दोन राज्यांत वाद पेटला. साथीत समाज आधी गुन्हेगार शोधतो, रोगाची वाट नंतर. कधी जात, कधी धर्म, कधी परगावाहून आलेला मजूर त्याच्या तावडीत सापडतो. अशा वेळी अभ्यासकाने सांगायचे ते इतकेच : संसर्ग झालेला माणूस हा साथीचा पहिला बळी असतो. त्याला दोष दिला की पुढचा रोगी ताप लपवतो, आणि आपण पुन्हा १८९७ च्या पुण्यात जाऊन उभे राहतो.

वाचकहो, या विषयात येण्यासाठी वैद्यकाची पदवी लागत नाही. मोजता यावे, विचारता यावे आणि ऐकलेले पारखून घेता यावे, एवढे पुरे. सुरुवात आपल्या गावापासून करा. पावसाळ्याआधीच्या ग्रामसभेत पाच प्रश्न मांडा. ओटी टेस्ट कोण करते आणि तिची वही कुठे असते? लस चुकलेली मुले कोणती? रात्री रोगी न्यायला गाडी कुणाची? वेगळे राहायची वेळ आली तर ज्याला शेत नाही, जादा खोली नाही, तो कुठे राहील? आणि खरी माहिती गावातल्या प्रत्येक बोलीत कोण सांगेल? उत्तरे नावानिशी एका कागदावर लिहा आणि तो कागद शाळेत, पंचायतीत, तांड्यावर लावा. साथ आल्यावर हे ठरवायला सवड मिळत नाही, म्हणून ते आत्ताच ठरवा.