जाळ्यांतील निरपराध जीव

यवतमाळ जिल्ह्यास समुद्र नाहीं. परंतु वर्धा व पैनगंगा या नद्या त्याच्या सीमेवरून वाहतात, आणि त्यांच्या डोहांत भोई लोक पिढ्यान् पिढ्या जाळें टाकीत आले आहेत. टाकणाऱ्यास मोठा मासा हवा असतो. जाळें मात्र सांपडेल तें धरतें. या अडचणीवर काय उपाय झाले, त्याचा इतिहास बोधप्रद आहे.

डॉ. फ्रान्सिस डे यांनीं १८७३ च्या अहवालांत दाखवून दिलें कीं, बारीक छिद्रांच्या जाळ्यांनीं माशांचीं पिलें मारलीं जाऊन नद्या ओस पडतात. पुढें १८९७ सालीं मत्स्यव्यवसायाचा कायदा झाला. मासे मारण्यासाठीं पाण्यांत सुरुंग उडविणें किंवा विष कालविणें हा गुन्हा ठरला, आणि जाळीं कशीं असावींत हें ठरविण्याचा अधिकार प्रांतिक सरकारांस मिळाला.

समुद्रकिनाऱ्यावर कोळ्यांची वडिलोपार्जित मर्यादा होती. पावसाळ्यांत होड्या ओढून ठेवावयाच्या, त्या नारळी पौर्णिमेस नारळ वाहूनच पाण्यांत लोटावयाच्या. यांत्रिक नौकांच्या काळांत ही मर्यादा पुरेना. तेव्हां महाराष्ट्रानें १९८१ सालीं सागरी मासेमारीच्या नियमनाचा कायदा केला, आणि २०१६ सालीं पर्ससीन जाळ्यांवर कडक निर्बंध घातले. हें जाळें माशांच्या सबंध थव्यास वेढतें व बटव्याच्या तोंडाप्रमाणें खालून आंवळलें जातें.

अशाच जाळ्यांनीं पूर्व पॅसिफिक महासागरांत कुपा, म्हणजे ट्यूना, धरतांना लक्षावधि डॉल्फिन मेले. नौका मागें हटवून जाळ्याची कड बुडवावी व डॉल्फिन बाहेर जाऊं द्यावे, ही युक्ति तेथील मच्छीमारांनींच काढिली. १९७२ सालीं अमेरिकेनें सागरी सस्तन प्राण्यांच्या रक्षणाचा कायदा केल्यावर ती नियमांत आली.

त्याच वर्षीं भारतांत वन्यजीव संरक्षण कायदा झाला. पण जाळ्यांत कासव गुंतलें तर गरीब कोळ्यानें जाळें कापावें कसें? जाळें हीच त्याची पुंजी. २०१८ च्या डिसेंबरांत महाराष्ट्र सरकारनें त्यावर तोड काढिली : संरक्षित जीव सोडविण्यासाठीं जाळें कापल्यास २५,००० रुपयांपर्यंत भरपाई.

नुसत्या दंडाच्या भयानें मनुष्य मेलेलें कासव गुपचूप समुद्रांत टाकून देतो. त्याचें नुकसान समाजानें वांटून घेतलें, तर तो जिवंत कासव सोडून देतो. हा वांटा केवळ सरकारचा नव्हे. बोटाएवढीं पिलें स्वस्त म्हणून विकत घेणारें घर, मग तें मुंबईचें असो वा यवतमाळचें, डॉ. डे यांनीं निषेधिलेलें तेंच बारीक जाळें पुन्हां विणीत असतें.