सफाई मासा खरोखर सफाई करतो का?

घरी समुद्राच्या पाण्याची टाकी मांडून तिच्यात जिवंत प्रवाळ वाढवणाऱ्या हौशी माणसाला सुरुवातीलाच एक सल्ला मिळतो. नुसते शोभेचे मासे घेऊ नका, थोडे कामाचेही घ्या. काचेवरचे शेवाळ खरवडून खाणारा एखादा, तळाची वाळू चाळणारा एखादा, आणि इतर माशांच्या अंगावरचे परजीवी वेचून खाणारा एखादा, असे कामकरी ठेवले की टाकी आपोआप निरोगी राहते, असे म्हणतात. पहिल्या दोघांबद्दल फारसा वाद नाही. शेवाळ कमी झालेले डोळ्यांना दिसते. तिसऱ्याबाबत मात्र तसे नाही. हा मासा इतर माशांच्या खरोखर उपयोगी पडतो का, या साध्या प्रश्नाचे उत्तर मिळायला सुमारे ४० वर्षे लागली. ती कहाणी प्रयोग कसा करावा आणि कसा करू नये हे वर्गात सांगण्यासाठीही उपयोगी आहे.

या माशाचे शास्त्रीय नाव लॅब्रॉइडस डिमिडिएटस. तो बोटभर लांब असतो. त्याचा रंग निळसर असून अंगावरून शेपटीपर्यंत रुंद होत गेलेला एक काळा पट्टा असतो. व्हालेन्सिएन या फ्रेंच प्राणिशास्त्रज्ञाने १८३९ साली त्याचे वर्णन केले. तांबड्या समुद्रापासून प्रशांत महासागरातील बेटांपर्यंत, आणि आपल्याकडे लक्षद्वीप व अंदमानच्या प्रवाळ खडकांतही तो आढळतो. एखाद्या ठरावीक खडकापाशी तो जणू दुकान थाटून बसतो. मोठे मासे तेथे येतात, कल्ले आणि जबडा उघडून स्वस्थ तरंगत राहतात आणि हा त्यांच्या अंगावर, कल्ल्यांत, प्रसंगी तोंडातही शिरून टिपत राहतो. गिळून टाकणे सहज शक्य असूनही ते त्याला सहसा गिळत नाहीत.

सहजीवनाची अशी उदाहरणे माणसाला फार पूर्वीपासून आवडत आली आहेत. मगरीच्या तोंडातील जळवा टिपणाऱ्या पक्ष्याची गोष्ट हेरोडोटसने इसवी सनापूर्वी पाचव्या शतकात लिहून ठेवली. तिला भक्कम पुरावा नसतानाही ती अजून सांगितली जाते. माशांच्या बाबतीत निरीक्षण करणेच अवघड होते. १९४३ मध्ये कूस्तो आणि गान्यां यांनी पाठीवर हवेची टाकी घेऊन पोहण्याचे साधन तयार केले, तेव्हा कुठे माणूस खडकापाशी निवांत थांबून पाहू लागला. हान्स हास यांच्या ‘झारीफा’ या जहाजावरून गेलेल्या आयब्ल-आयबेसफेल्ट यांनी १९५५ मध्ये या सफाईचे सविस्तर वर्णन प्रसिद्ध केले. चार वर्षांनी त्यांनीच या माशाच्या एका तोतयाविषयी लिहिले. रंगाने, आकाराने हुबेहूब असणारा हा तोतया जवळ येऊन गिऱ्हाइकाच्या परांचा लचका तोडतो. (मासे विकत घेणाऱ्याने तोंड पाहावे. खऱ्याचे तोंड टोकाशी असते, तोतयाचे खालच्या बाजूला.)

खरा गाजावाजा झाला तो कॉनराड लिम्बॉ यांच्या लेखाने. कॅलिफोर्नियातील स्क्रिप्स संस्थेचे हे निष्णात पाणबुडे. बहामा बेटांजवळ एका सफाईच्या जागी सहा तासांत ३०० पर्यंत मासे येऊन गेलेले त्यांनी पाहिले. तेथील सफाई करणारे जीव वेगळ्या जातींचे, पण काम तेच. मग त्यांनी दोन लहान, सुट्या खडकांवरून असे सगळे जीव काढून टाकले. काही दिवसांतच माशांची संख्या घटली. दोन आठवड्यांत हद्द धरून राहणारे सोडून बहुतेक सगळे निघून गेले. जे उरले त्यांच्या अंगावर पांढरे चट्टे, सूज, जखमा आणि फाटलेले पर दिसू लागले. मार्च १९६० मध्ये फ्रान्समधील पाण्याखालच्या एका गुहेत लिम्बॉ यांचा मृत्यू झाला. त्यांचा लेख ‘सायंटिफिक अमेरिकन’मध्ये ऑगस्ट १९६१ मध्ये आला आणि तेथून हा प्रयोग पाठ्यपुस्तकांत शिरला.

येथे थांबून विद्यार्थ्यांना विचारावे, की या प्रयोगात काय कमी आहे? खडक फक्त दोन, आणि दोन्हींवर तोच उपाय केलेला. सफाई करणारे जीव जागच्या जागी ठेवलेला, तुलनेसाठीचा तिसरा खडक कोठे आहे? जाळी घेऊन माणसे रोज खडकावर वावरली म्हणून मासे पळाले नसतील कशावरून? लिम्बॉ जगते तर त्यांनी हे पुन्हा तपासले असते, असे मला वाटते. ते काम इतरांना करावे लागले. हवाई बेटांवर यंगब्लूथ यांनी १९६८ मध्ये आणि लोझी यांनी १९७२ मध्ये तेथील सफाई मासा खडकांवरून काढून पाहिला. फारसे काहीच घडले नाही. १९७४ मध्ये लोझी आणि मार्ग्युलिस यांनी दाखवले, की सफाई माशाच्या हलत्या, निर्जीव प्रतिकृतीचा स्पर्शही माशांना बक्षिसासारखा वाटतो. म्हणजे गिऱ्हाईक केवळ अंग चोळून घ्यायला येत असेल का, अशी शंका उभी राहिली. पाठ्यपुस्तकांत मात्र लिम्बॉच राहिले.

उलगडा झाला ऑस्ट्रेलियाच्या ग्रेट बॅरियर रीफमधील लिझर्ड बेटावर. अलेक्झांड्रा ग्रटर यांनी आधी मोजदाद केली. १९९६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निष्कर्षांनुसार एक सफाई मासा दिवसाला सरासरी २,२९७ वेळा गिऱ्हाईक तपासतो आणि सुमारे १,२०० परजीवी खातो. हे परजीवी बहुतांशी नॅथिड नावाच्या, झुरळ-खेकड्यांप्रमाणे सांधेयुक्त पायांच्या सूक्ष्म प्राण्याची पिल्ले असतात. ती माशाला चिकटतात, रक्त पितात आणि गळून पडतात. जी गोष्ट काही तासांत येते आणि जाते, ती आठवड्यांनी एकदा मोजून कशी सापडणार? ग्रटर यांनी सफाई मासा असलेल्या आणि नसलेल्या खडकांवर पिंजऱ्यात मासे ठेवून १२ तासांतील फरक पाहिला. सफाई मासा नसलेल्या ठिकाणी परजीवी कित्येक पटींनी अधिक निघाले. हा निबंध १९९९ मध्ये ‘नेचर’मध्ये आला. पुढे काही खडकांवरून सफाई मासे साडेआठ वर्षे सतत काढत राहिल्यावर काय झाले, ते २०११ मध्ये प्रसिद्ध झाले. त्या खडकांवर कायम राहणारे मासे ३७ टक्क्यांनी आणि त्यांच्या जाती २३ टक्क्यांनी कमी होत्या. तुलनेचे खडक या वेळी होते. लिम्बॉ यांचा निष्कर्ष बव्हंशी बरोबर ठरला, पण तो सिद्ध झाला त्यांच्यानंतर पन्नास वर्षांनी.

आता टाकीकडे येऊ. लिम्बॉ यांचा लेख आला त्याच १९६१ साली जाकार्ताच्या ली चिन एंग यांनी जिवंत खडक, प्रवाळ आणि हवेचे बुडबुडे एवढ्यावर समुद्री टाकी चालवण्याची आपली पद्धत अमेरिकन मासिकात मांडली. छंद पसरला आणि पाठ्यपुस्तकातला हा नोकर टाकीतही गेला. पण ग्रटर यांचे आकडे घेऊन साधा भागाकार करून पाहावा. टाकीत आठ मासे असतील आणि सफाई मासा समुद्रातल्याइतकेच काम करू लागला, तर प्रत्येकाला दिवसातून २८७ वेळा तपासणीला उभे राहावे लागेल. आणि १,२०० परजीवी रोज पुरवणारी टाकी एव्हाना मेलेल्या माशांचीच असेल. टाकीत नेहमी होणारा पांढऱ्या ठिपक्यांचा रोग ज्या सूक्ष्मजीवामुळे होतो, तो तर त्वचेच्या आत असल्याने या माशाच्या तोंडी लागत नाही.

उपासमार सुरू झाली की दुसरी अडचण येते. ग्रटर आणि बशारी यांनी २००३ मध्ये दाखवले, की निवड दिली तर या माशाला परजीवींपेक्षा गिऱ्हाइकाच्या अंगावरचा बुळबुळीत श्लेष्मा अधिक आवडतो. समुद्रात त्याने तो ओरबाडला, तर गिऱ्हाईक त्याच्या मागे लागते किंवा दुसऱ्या दुकानात जाते, म्हणून तो बेताने वागतो. चार फुटांच्या टाकीत दुसरे दुकान नसते. गिऱ्हाइके कोपऱ्यांत लपतात आणि सफाई मासा बहुधा काही आठवड्यांत खंगून मरतो. गोठवलेले अन्न खायला शिकलेला एखादा टिकतोही, पण तो अपवाद.

नॉर्वेतही हेच मोठ्या प्रमाणावर झाले. १९८० च्या दशकाच्या अखेरीस ब्योर्डाल यांनी तेथील स्थानिक जातीचे मासे सामन माशांच्या पिंजऱ्यांत सोडून उवा खाऊन दाखवल्या. नंतर दरवर्षी असे कोट्यवधी मासे पिंजऱ्यांत जाऊ लागले आणि त्यांतले फार मोठ्या संख्येने मरू लागले.

ज्याला टाकीत सफाई पाहायचीच आहे, त्याने कॅरिबियन समुद्रातील निऑन गोबी घ्यावा. बोटाच्या दोन पेरांएवढा, काळ्या अंगावर निळी रेघ असलेला हा मासा मार्टिन मो यांनी १९७० च्या दशकात बंदिस्त पाण्यात वाढवला. तो टाकीतले सामान्य अन्न खातो आणि जमेल तशी थोडी सफाईही करतो. प्रवाळांबाबत मात्र सावध राहावे. भारतातील दगडी प्रवाळांना २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीचे संरक्षण आहे, तेव्हा किनाऱ्यावरून उचलून आणलेला तुकडा टाकीत ठेवणे हा गुन्हा होतो.